पोस्टाचं तिकीट कोण लावणार?

सरांच्या टेबलावर खोडरबर नसे. टोक काढलेल्या दोन पेन्सिली, लाल शाईचं पेन, लाकडी फुटपट्टी आणि उजव्या हाताला हँडल फिरवून चालवायचं फॅसिट यंत्र. इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर तोवर आले होते, पण सरांचं फॅसिट काही सुटलं नव्हतं. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकलेला आकडा नंतर कुणालाही वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, त्याखाली सही आणि तारीख. १९८१ साली मी मुंबईला विम्याच्या मुख्य कचेरीत, अ‍ॅक्च्युअरियल खात्यात नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातलं खोडरबर पाहून ते म्हणाले, "हे घरी मुलांना द्या." मुलं कुठली, माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. मी ते पर्समध्ये टाकलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

मी औरंगाबादची, एसबी कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. खात्यात कळलं की सरही औरंगाबादचेच. मला वाटलं, चला, गाववाला भेटला, थोडं सांभाळून घेतील. सांभाळलं, पण त्यांच्या पद्धतीने.

दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला एका लहानशा योजनेचा हप्ता काढायला दिला. तीन दिवस खपून मी काढला. तक्ता बरोबर, व्याजाचा दर बरोबर, चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर बरोबर. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. माझ्या उत्तरावर ती सुप्रसिद्ध आडवी रेघ आणि समासात लाल शाईने एक ओळ : पोस्टाचं तिकीट कोण लावणार?

मला काही कळेना. विचारायची लाज वाटत होती, तरी गेले. त्यांनी खुर्ची ओढून दिली. म्हणाले, "वीस वर्षांनी हा माणूस गेला. त्याच्या बायकोला आपण पत्र लिहिणार. ते पत्र टाइप करणाऱ्याला पगार आहे. पाकिटावर तिकीट आहे. पेटी उघडणाऱ्या शिपायाला चहा आहे. तुम्ही फक्त मरणाचे पैसे धरलेत. कळवण्याचे कुठायत?"

निव्वळ हप्त्यावर खर्च चढवायचा असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. पेपरात आलं असतं तर लिहिलंही असतं. पण ती टाइपिस्ट आणि तो शिपाई मला दिसले नव्हते, सरांना दिसत होते.

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे काय, हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. आई शेजारणीला सांगायची, "मेलेल्यांचे हिशेब ठेवते." तसं पाहिलं तर फार चूक नाही. एका वयाची एक लाख माणसं घ्यायची, वर्षभरात त्यातली किती जातील, उरलेल्यांतली पुढच्या वर्षी किती, असं करत अगदी शेवटचा माणूस जाईपर्यंत तक्त्याच्या पायऱ्या उतरत जायचं. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्या एडमंड हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला होता. आपल्याकडे मुंबईच्या ओरिएंटल कंपनीने १९२५ ते १९३५ या काळातल्या आपल्या विमेदारांवरून केलेला तक्ता पुष्कळ वर्षं चालला. पुढे आयुर्विमा महामंडळाने १९७०-७३ मधल्या स्वतःच्या अनुभवावरून नवा केला. 'अनुभव' हा त्या धंद्यातलाच शब्द. किती माणसं गेली, याला तिथे अनुभव म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. महिन्याभरात मीही "या वर्षीचा अनुभव जरा जड आहे" असं चहा पिता पिता बोलू लागले.

पण मरणाचा तक्ता हा या कामाचा निम्माच भाग. उरलेला निम्मा वचनाचा, आणि सरांचा जीव त्यात. वीस वर्षांनी हजार रुपये देईन असं आज कुणाला सांगितलं, की ते देणं विसाव्या वर्षी सुरू होत नाही. ते आजच सुरू झालं. सहा टक्के व्याज धरलं तर आज ३१२ रुपये बाजूला काढून ठेवले तरच तो शब्द खरा, नाहीतर नुसती तोंडची वाफ. दरवर्षी बसून मोजायचं, की जितके शब्द दिलेत तितकी तरतूद शिल्लक आहे का. याला व्हॅल्युएशन म्हणतात. मार्च उलटला की आमच्या खात्यात लग्नघरासारखी धावपळ असायची, फक्त जेवणावळ नसायची.

सर या वाटेला कसे लागले, ते त्यांनी एकदा लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या सांगितलं होतं. जन्म १९३६ चा, म्हणजे निजामाच्या राजवटीतला. वडील गुलमंडीवर एका कापडवाल्याकडे मुनीम. दुकानात दोन रुपये चालायचे, हैदराबाद संस्थानचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. मुंबईचा माल कलदारात, गिऱ्हाईक हालीत. सात हाली म्हणजे सहा कलदार. शाळेतून आलं की वडिलांच्या शेजारी बसून सातावर सहा आणि सहावर सात करत राहायचं, हे त्यांचं पहिलं अर्थगणित. शाळा उर्दूतली. त्यामुळे घरात पावकी-निमकी-दीडकी मराठीत आणि शाळेत जमा, तफरीक, जर्ब, तकसीम. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. निजामाचं राज्य गेलं, पुढे शाळेची भाषाही बदलली, पण मोठा भागाकार करताना सर अखेरपर्यंत ओठांतल्या ओठांत उर्दूच पुटपुटत. दक्षिण भारतातून आलेले सहकारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

१९५८ साली ते महामंडळात लागले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९ जानेवारी १९५६ रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचं रेडिओवरून जाहीर केलं होतं, आणि १ सप्टेंबरला २४५ लहानमोठ्या विमा कंपन्या आणि सोसायट्या मिळून एक महामंडळ झालं. सर सांगत, की सुरुवातीला खात्यात दहा तऱ्हेच्या वह्या होत्या. एका कंपनीत वय पुढच्या वाढदिवसाचं धरायचे, दुसरीत जवळच्या. कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कुणाची वही नुसती वाळवीने राखलेली. त्या वह्या एका ओळीत बसवता बसवता अंगाला जी शिस्त लागली ती परीक्षांनी लागली नसती, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षा मात्र लंडनच्या. आपल्याकडे अ‍ॅक्च्युअरींची सोसायटी १९४४ पासून होती, पण तिने स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या १९८९ मध्ये. तोवर सगळ्यांचं नशीब लंडनहून येणाऱ्या निकालात. सरांना शेवटचा पेपर सुटायला चौदा वर्षं लागली. या काळात लग्न झालं, मुलगी झाली, मुलगा झाला, औरंगाबादला वडील गेले. चौदा वर्षं पहाटे चार ते सहा अभ्यास. संध्याकाळी सातनंतर पुस्तक उघडायचं नाही, कारण सातनंतर मुलं जागी असतात. मी तीन पेपर दिले, दोन सुटले, तिसऱ्यात दोनदा नापास झाले आणि सोडून दिलं. त्यांनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले, "माझी पुस्तकं माझ्यामागे तुम्हाला. तेव्हा वाटलं तर बसा परीक्षेला." मी हसण्यावारी नेलं.

रविवारी कधी त्यांच्या मुलुंडच्या घरी जायची. काकू पैठणच्या. गेल्या गेल्या हातात पाणी आणि गुळाचा खडा. त्या घरात एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटे. आपल्याकडे बाप "बघू" म्हणाला की पोरांनी समजायचं असतं, नाही. सगळ्या मराठी घरांची ही बोली. सरांच्या घरी "बघू" नव्हतं. एकतर "हो", नाहीतर "नाही". आणि "हो" म्हटलं की ते तिथल्या तिथे खिशातली डायरी काढून लिहायचे : काय, कधी, किती. मुलाला आठवीत सायकल हवी होती. दोन महिने "नाही" होतं. तिसऱ्या महिन्यात "हो" झालं आणि त्याच दिवशी पोस्टात त्या नावाने खातं निघालं. सायकल दीड वर्षाने आली. ज्या दिवशी येईल असं सांगितलं होतं त्या दिवशी आली.

दिवाळीला मात्र गंमत असे. वर्षभर घरखर्चाचे सगळे अंदाज सर जरा हात राखून करत, त्यामुळे थोडे पैसे उरायचे. धनत्रयोदशीला त्याचं वाटप. महामंडळाच्या कायद्यात होतं, की शिलकीतला पंच्याण्णव टक्के विमेदारांना आणि पाच टक्के सरकारला. सरांच्या घरी पंच्याण्णव टक्के काकूंना आणि मुलांना, पाच टक्के सरांना. "मी सरकार," असं म्हणून ते पाच टक्क्यांचं एक पुस्तक घ्यायचे.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण त्यांची मुलगी मला पुढे एकदा म्हणाली, "ताई, आमच्या घरात कुणी कधी अचानक काही आणलं नाही. मोगऱ्याचा गजरासुद्धा नाही." मला सरांची बाजू घ्यावीशी वाटली आणि घेता आली नाही. ज्याची तरतूद नाही तो आनंदही नको, असं वागण्यात एक कंजूषपणा आहेच, आणि तो पैशांचा असता तर बरा म्हणायचा. काकूंनी तो हसून काढला. मुलीला त्याला वेळ लागला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन, सगळे जागलेले. सकाळी ऑफिसात पोहोचेपर्यंत बातमी आली होती, पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला म्हणून. किल्लारी, सास्तूर. दुपारपर्यंत आकडे वाढत गेले. आमच्या खात्यात मराठवाड्याचे आम्ही दोघेच. सर फोनवर होते, कुणा नातेवाइकाचा पत्ता लागत नव्हता. तो संध्याकाळी लागला, सुखरूप होता.

फोन ठेवून ते बराच वेळ फॅसिटच्या हँडलवर हात ठेवून बसले. फिरवलं नाही. मग म्हणाले, "आपलं सगळं दुकान एका गृहीतकावर चालतं. एकाच्या मरणाचा दुसऱ्याच्या मरणाशी संबंध नाही." तिकडची घरं दगडमातीची, जाडजूड भिंतींची, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ती दगडमाती झोपलेल्या घरावर आली तेव्हा तिने एकेकट्याला नाही घेतलं. विमा उतरवलेला आणि त्याने जिचं नाव लावलं ती, दोघं एका घोंगडीखाली. दाव्याच्या फॉर्मवर सही करायला ते घरच उरलं नाही.

मी विचारलं, फंडावर किती भार येईल? माझा प्रश्न खात्याला शोभणारा होता, तरी विचारल्यावर जीभ चावली. सर म्हणाले, "जाणवणारही नाही." आणि थोड्या वेळाने, "गेले त्यांतल्या बहुतेकांचा विमाच नसणार." एवढं बोलून ते उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर तेराएक वर्षं काम केलं. कुठला आकडा लहान निघाल्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि औरंगाबादला खडकेश्वरच्या जुन्या घरी आले. आई होती, तिचं करायचं होतं. मुंबईत राहिले असते तर खाजगी कामं पुष्कळ मिळाली असती. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या तेव्हा अ‍ॅक्च्युअरी शोधून सापडत नव्हते, पगार ऐकून डोळे फिरायचे. दोनदा विचारणा झाली. दोन्ही वेळा "नाही". आई ९८ साली गेली, तरी "नाही"च राहिलं. विचारलं तर म्हणाले, काकूंना मुलुंडमध्ये वीस वर्षं म्हणत होतो, रिटायर झाल्यावर तुझ्या पैठणजवळ राहू. डायरीत लिहिलेलं होतं.

मी २००४ मध्ये नवऱ्याच्या बदलीने परत आले, सिडकोत एन-सातला घर घेतलं. मग दर गुरुवारी खडकेश्वर. पेन्शनीत गेलेल्या अ‍ॅक्च्युअरीला गल्लीत काय काम असतं? लोक त्यांना ज्योतिषीच समजायचे. शेजारचे एक निवृत्त तहसीलदार दर वाढदिवसाला विचारायला यायचे, "सांगा, अजून किती?" सर म्हणायचे, "तुमच्यासारखे एक लाख घेऊन या, मग सांगतो. एकट्याचं मला येत नाही."

त्यांच्या हाताला वळण लागलं ते गेलं नाही. नळाला पाणी ज्या दिवशी येई ती तारीख आणि वेळ एका वहीत. आमच्या गावात पाणी रोज येत नाही, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला सांगावं लागेल. दोनेक वर्षांच्या नोंदींवरून त्यांनी गच्चीवरची टाकी बदलली. मी म्हटलं, सरासरी तर चार दिवसांआड निघते, मग सात दिवसांची टाकी कशाला? १९८१ साली बघितलं होतं तसेच ते माझ्याकडे बघायला लागले. "सरासरी दिवशी कुणाला तहान लागत नाही," म्हणाले. मे महिन्यात अर्धी गल्ली त्या टाकीतून घागरी भरून न्यायची. वहीत त्याचीही नोंद असे, पण नावं नसत. नुसतं 'बाहेर – ६ घागरी'.

काकूंना २००८ च्या सुमारास पार्किन्सन्स निघाला. आधी हात थरथरायचा, मग पाय उचलेना, मग बोलणं घशातच राहू लागलं. सात वर्षं. औषध दर साडेतीन तासांनी, आणि त्याची वेळ चुकली तर माणूस जागच्या जागी गोठू शकतो. सरांनी भिंतीवर तक्ता लावला नाही, मला वाटलं होतं लावतील. ते घड्याळ बघायचे आणि उठायचे. वरणभात कालवून, चमच्याने पुढचा घास देण्याआधी काकूंचा गळा हलला का ते बघत थांबायचे. एक वाटी वरणभाताला पाऊण तास. या पाऊण तासात फोन वाजला तर वाजू देत. एकदा मी म्हटलं, बाई ठेवा, तुम्हीही सत्तरी ओलांडलीत. बाई होती, झाडूपोछाला. घास भरवायला नाही ठेवली.

याच काळात, २००९ साली, एका गुरुवारी सर गुलमंडीवरून इमरतीचा पुडा घेऊन आले. न सांगता, अचानक. काकूंना एक तुकडा दुधात कुस्करून दिला. मग कळलं, निवृत्तीच्या वेळी त्यांनी पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून रक्कम घेतली होती. तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तो त्या महिन्यात सुरू झाला होता. मी म्हटलं, "म्हणजे जिंकलात की!" ते म्हणाले, "मी कुठला जिंकतोय? बरोबरचे अकरा जण होते. सात राहिलोत." आणि मला दुसरी इमरती दिली.

काकू २०१५ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यानंतरची सरांची पाच-सहा वर्षं मी इथे लिहीत नाही. ती शांत गेली आणि त्यांत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. पाण्याची वही चालू होती. जानेवारी २०२१ मध्ये ते झोपेत गेले. औरंगाबादचं पुढे छत्रपती संभाजीनगर झालेलं त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या सगळ्या कागदांवर औरंगाबाद आहे, आणि त्याच्याही आधीच्या काहींवर उर्दूत लिहिलेलं औरंगाबाद.

मार्चमध्ये सरांच्या मुलीचा फोन आला. "ताई, नानांनी तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय." गेले. देवघराच्या खालच्या खणात दोरीने बांधलेली पुस्तकं होती, सतरा. लंडनच्या छापाची, पानं पिवळी, समासात उर्दू अंकांत केलेली आकडेमोड. वर एक खाकी पाकीट, माझ्या नावाचं. मुलगी म्हणाली, "आमचीही आहेत. दादाचं आहे, माझं आहे, नातवंडांची आहेत. माझ्या पाकिटात गजऱ्याचे पैसे निघाले, ताई." ती हसत होती की रडत होती, मला नीट कळलं नाही. ती बहुधा त्यांनाही कधीतरी ते बोलली असावी. त्यांनी ते लिहून घेतलं असणार.

माझ्या पाकिटात पुस्तकांची यादी होती. यादीच्या तळाशी : 'रिक्षा, खडकेश्वर ते एन-७, सामानासह – ८०.' त्या ऐंशीवर फुटपट्टीने मारलेली एकच आडवी रेघ. शेजारी १२०. त्याखाली सही, तारीख २०१७ ची. आत शंभराची एक आणि दहाच्या दोन नोटा.

रिक्षावाला तरुण पोरगा होता. पुस्तकांचे गठ्ठे सीटवर चढवताना म्हणाला, "मौसी, किताबां भौत भारी हैं. दीडसौ होंगे."

मी पाकिटातले एकशेवीस काढले आणि वरचे तीस माझ्या पर्समधून घातले.